रोसकिल्डला एक दिवस

दाणी मॅडम जबलपुरात आमच्या शाळेत सत्तावीस वर्षं इतिहास शिकवत होत्या. नाव विभावरी, पण ते कुणी घेत नसे. पुस्तकात व्हायकिंगांना जेमतेम दोन ओळी होत्या. मॅडमचं शिकवणं मात्र तीन दिवस चाले. फळीवर फळी चढवून ठोकलेली ती लांब जहाजं त्या खडूने काढायच्या. डेन्मार्कात रोसकिल्डच्या खाडीतून वर काढलेली पाच जहाजं तिथल्या संग्रहालयात उभी आहेत, हे ऐकून ऐकून आम्हा स्टाफरूमवाल्यांनाही पाठ झालं होतं.

लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ आणि वहिनी पाटनच्या रस्त्यावर अपघातात गेले, तेव्हा भाचा आल्हाद नऊ वर्षांचा होता. त्याला त्यांनीच वाढवलं, इंजिनियर केलं. तो कोपनहेगनला नोकरीला लागला, त्या आठवड्यात मॅडमनी वहीत यादी केली. रोसकिल्डची जहाजं, येलिंगचे कोरीव दगड, ट्रेलेबोर्गचा गोल किल्ला. मग कितीतरी वर्षं ती वही तशीच राहिली.

त्या निवृत्त झाल्या आणि त्याचा फोन आला.

"आत्या, ये ना. तीन महिने राहा. तुझे सगळे व्हायकिंग दाखवतो."

मे महिन्यात मॅडम गेल्या. दार आल्हादच्या बायकोने, प्रणोतीने उघडलं. मॅडमच्या पायातले बूट निघायच्या आत तिने आठ महिन्यांची समिधा त्यांच्या हातात दिली. सोमवारी प्रणोतीची रजा संपत होती.

पहिला रविवार थकव्यात गेला. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी पाऊस होता. "पुढच्या रविवारी नक्की," आल्हाद म्हणायचा. मॅडम पोरीला भरवायच्या, झोपवायच्या, तिचे कपडे धुवायच्या. पोर त्यांच्याशिवाय झोपेना.

नवव्या आठवड्यात त्या स्वयंपाकघरात पेज ढवळत होत्या. बाहेर आल्हाद जबलपूरच्या मित्राशी फोनवर बोलत होता.

"अरे भाई, समिधा को क्रेश में अगस्त से जगह मिली है. तब तक बुआ हैं ना. म्यूज़ियम का लालच दिया, दौड़ी चली आई."

मित्र काहीतरी बोलला असावा. आल्हाद खूप वेळ हसला.

मॅडमनी गॅस बंद केला, पेज गार केली, पोरीला भरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून त्या दारात उभ्या राहिल्या.

"मी आज रोसकिल्डला जाऊन राहिले."

"आजच काहून?" आल्हाद म्हणाला. "प्रणोतीचं प्रेझेंटेशन आहे. मलाही सुट्टी नाही."

"समिधाला कोण बघणार?" प्रणोतीने विचारलं.

"तिचे आईबाप."

"आत्या, तुला इथलं तिकीटसुद्धा काढता येत नाही. हरवशील."

"विचारत विचारत जाईन."

समिधाने कोट घट्ट धरला होता. मॅडमनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि निघाल्या. जिन्यात तीन मजले रडणं ऐकू येत होतं.

रोसकिल्डला पोचायला अर्धा तास लागला. जहाजं होती. काळी पडलेली लाकडं लोखंडी सांगाड्यांवर मांडलेली, मागच्या काचांतून खाडी दिसत होती. साठ वल्हेकऱ्यांचं सर्वांत मोठं जहाज आयर्लंडातल्या, डब्लिनच्या ओक लाकडाचं होतं. त्याच डब्लिनात तेव्हा व्हायकिंगांचा गुलामांचा बाजार भरायचा. धरून आणलेल्या बायापोरी तिथे विकल्या जायच्या. मॅडमना हे ठाऊक होतं, पण वर्गात त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. वर्गात वल्ही, शिडं आणि धाडस.

"तीन तास उभी होते," त्या नंतर मला म्हणाल्या. "आनंद झाला की नाही, ते सांगता येत नाही. कोटावर पोरीच्या लाळेचा डाग होता, तोच दिसून राहिला होता. अन् एक सांगू? सकाळी बोटं सोडवताना मला राग तिचाच आला होता. एवढ्याशा लेकराचा."

संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"उद्या दुपारचं विमान आहे," आल्हाद म्हणाला. "तुझं बघून झालं ना?"

आतून रडण्याचा आवाज आला. मॅडम तिकडे वळल्या, तशी प्रणोती आडवी आली.

"हात लावू नका तिला. दिवसभर रडून आत्ता कुठे दूध प्यायली आहे."

त्या रात्री पोर भिंतीपलीकडे रडत राहिली आणि मॅडम अंथरुणावर बसून राहिल्या.

त्यानंतर आल्हादचा फोन आला नाही. मॅडमनी केला तर तो उचलत नसे. दोन वर्षांनी डिसेंबरात तिघं जबलपूरजवळचा भेडाघाट बघायला आली, हॉटेलात उतरली. मॅडमकडे वीस मिनिटांसाठी आली. मी तेव्हा तिथेच होते. मॅडमनी आदल्या दिवशी बेसनाचे लाडू केले होते.

तीन वर्षांची समिधा आईच्या मागे उभी होती. मॅडमनी लाडू पुढे केला, तसा तिनेही हात पुढे केला.

"ही आत्याआजी," प्रणोती पोरीला म्हणाली, अगदी शांतपणे. "तुला रडत टाकून बोटी बघायला गेली होती, तीच."

मी आल्हादकडे पाहिलं. तो फोनवर गाडीवाल्याला रस्ता सांगत होता.

"हो," मॅडम म्हणाल्या. "गेले होते."

पोरीने लाडवाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हात मागे घेतला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. आल्हाद उठला. "चलो," तो म्हणाला, आणि सवयीने आत्याच्या पाया पडायला वाकला. मॅडमनी पाय मागे घेतले.