झेडकाकूंचे हात

झेडकाकू शिकवायला उभ्या राहिल्या की त्यांचे दोन्ही हात पाठीमागे जात. उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. समोरची बाई चुकीच्या जागी क्लिक करत असो, माउसचा बाण पडद्यावर सैरावैरा धावत असो, ते हात पुढे यायचे नाहीत. फारच असह्य झालं की काकू चवड्यांवर उंच व्हायच्या, "हं... हं..." करायच्या, पण माउसला शिवायच्या नाहीत. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या कितीतरी बायका आणि आजोबा कॉम्प्युटर शिकले ते या पाठीमागे धरलेल्या हातांसमोर. मीही त्यांतलीच.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ते बहुधा फक्त पोस्टमन वाचायचा. बाकी सगळ्यांना त्या झेडकाकू. कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं एकत्र दाबली की आपण नुकतीच केलेली चूक मागे घेता येते, हे त्या पहिल्याच दिवशी शिकवायच्या. मशीन चालू कसं करायचं, फाईल कशी उघडायची, ते सगळं नंतर. "आधी परत कसं यायचं ते शीक. मग कुठेही जा," असं म्हणायच्या. कोणी घाबरून कीबोर्डवरून हात उचलला की ओरडायच्या, "अगं, कंट्रोल झेड आहे ना? मग वाट लागू दे की जरा!"

हात मागे धरायची सवय त्यांना मरोळमध्ये लागली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात त्या टायपिस्ट होत्या. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा शिकवायला टाय लावलेले एक सर आले. ते "मॅडम, असं नाही, असं," म्हणत माउस हातातून काढून घ्यायचे, धडाधड चार-पाच क्लिक करायचे आणि विचारायचे, "समजलं?" काकू ही गोष्ट सांगताना अजून चिडायच्या. "काय समजणार? त्याचा हात किती फास्ट चालतो ते समजलं." त्यांच्या शेजारी बसणाऱ्या टायपिस्ट बाईंनी 'आपल्याला नाही जमायचं' म्हणून नोकरी सोडली. काकूंनी सोडली नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर गेले की त्या पोळीभाजीची गुंडाळी एका हातात घेऊन मशीनसमोर बसायच्या. "मला कोणी शिकवलं नाही गं," त्या म्हणायच्या. "लंच टायमात माउस हिसकावणारं कोणी नसायचं, एवढंच."

निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीच्या जुन्या ऑफिसची खोली मागून घेतली. पंपाच्या खोलीला लागून असलेली, कायम ओलसर. लोकांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर गोळा करून, एकाचा पडदा, दुसऱ्याचा कीबोर्ड असं करत त्यांनी तिथे वर्ग थाटला. पंप सुरू झाला की टेबलं थरथरायची. तेवढा वेळ सगळ्या गप्प बसायच्या आणि पंप थांबला की काकू तोडलेल्या वाक्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू करायच्या.

मला तिथे आईने नेलं, आणि तेही शिकायला नव्हे. "काकू, हिला घ्या मदतीला. हिला सगळं येतं, इंग्लिश मीडियमची आहे," असं म्हणून ती मला दारात सोडून गेली. मला काय येत होतं ते मलाच माहीत होतं. कॉलेजात प्रॅक्टिकलला आमच्या ग्रुपमध्ये कीबोर्ड नेहमी मुलांकडे असायचा आणि जर्नल माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. तीन वर्षांत मी पानंच्या पानं सुबक जर्नल लिहिलं होतं आणि एकही प्रोग्रॅम स्वतः चालवला नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी फारसं काही कुणाला सांगत नाही.

काकूंनी मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "तुला येतं, की तुला सवय आहे?"

मला प्रश्न कळला नाही.

"फोनवर आत्ता एखादा फोटो उतरवून घेतलास, तो गेला कुठे? कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात? सांग."

"माहीत नाही," मी म्हटलं. कॉम्प्युटरबद्दल हे दोन शब्द मी तोपर्यंत कुणासमोर उच्चारले नव्हते. वर्गातल्या बायका माझ्याकडे बघतील असं वाटलं. कोणीच बघितलं नाही. प्रत्येक बाई आपापल्या माहीत नसलेल्या गोष्टीत गुंतलेली होती.

"झकास. मलाही या नवीन फोनमधलं माहीत नाही," काकू म्हणाल्या. "चल, शोधू." आणि हात मागे.

शुक्रवार हा त्यांच्या वर्गात बिघाडाचा वार होता. त्या लवकर येऊन प्रत्येक मशीनमध्ये काहीतरी बिघडवून ठेवायच्या. एखादी वायर अर्धवट काढायची, आवाज घालवायचा, सगळी भाषा चिनी करून ठेवायची. एकदा त्यांनी पडदाच उलटा केला होता. अक्षरं डोक्यावर उभी, माउस उजवीकडे नेला की बाण डावीकडे. आमच्या वर्गातल्या बायका माना वाकड्या करून, एकमेकींना "तू दाब, तू दाब" करत बसल्या होत्या. एक बाई तर मॉनिटरच उचलून उलटा ठेवायला निघाली. काकू हसून हसून लाल झाल्या, पण उत्तर सांगितलं नाही. ते मी शोधलं. आजही ऑफिसात एखादं मशीन अडलं की मला भीतीऐवजी त्या शुक्रवारची आठवण येते.

त्यांना स्वतःला शिकण्याचं व्यसनच होतं. कधी व्हिडिओ कापायला शिकत, कधी तक्त्यातली सूत्रं, कधी मराठी टायपिंगची नवी पद्धत. टाकीच्या पाण्याचं वेळापत्रक आपोआप ग्रुपवर जावं म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅमसुद्धा लिहिला. तो पहिल्या दिवशी चुकला आणि पहाटेच सगळ्यांना पाणी आल्याचा मेसेज गेला. बी विंगमधला एक इंजिनियर त्यांना जिन्यात म्हणाला, "काकू, या वयात कशाला हे सगळं?" काकू दोन पायऱ्या चढून गेल्या होत्या. तिथूनच वळून म्हणाल्या, "तुझ्या वयात थांबायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही रे."

मग ती दुपार आली.

वर्ग भरलेला होता. काकूंच्या फोनवर तिसऱ्या मजल्यावरच्या देसाई आजोबांचा मेसेज आला: 'चुकून माझा कोड तुमच्या फोनवर आला आहे. पाठवता का?' देसाई आजोबा वर्गातले सगळ्यात जुने विद्यार्थी आणि चुका करण्यात सगळ्यात उत्साही. बायकोला पाठवायचा किराणा ते कायम काकूंना पाठवायचे. त्यामुळे कोडही इकडेच आला यात काकूंना काहीच नवल वाटलं नाही. एका बाईकडे लक्ष ठेवत, न वाचता, त्यांनी तो आकडा पुढे पाठवला. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर काकूंनी त्याची सालटी काढली असती.

तो कोड काकूंच्याच खात्याचा होता. थोड्याच वेळात त्यांचं मेसेजचं ॲप बंद पडलं आणि त्यांच्या नावाने सगळ्या सोसायटीला मेसेज गेले: मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा. नशिबाने कुणी पाठवले नाहीत. पण संध्याकाळपर्यंत सगळे हसत होते. 'झेडकाकूंनाच चुना', असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "आता दाबा म्हणावं कंट्रोल झेड," असं लिफ्टमध्ये माझ्यासमोरच दोघं बोलले. काकूंकडे शिकणाऱ्या बायकांपैकी काहींच्या नवऱ्यांनी सांगून टाकलं, उद्यापासून जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून त्यांचा मुलगा नितीन आला. मी तेव्हा तिथे होते. त्याने साधा बटणांचा फोन आणला होता. "आई, आता पुरे. हा वापर. बँकेचं वगैरे मी बघेन." तो वाईट बोलत नव्हता. काळजीनेच बोलत होता, म्हणून ते जास्त लागत होतं. त्याच संध्याकाळी सेक्रेटरी काकांनी वॉचमनला पाठवून खोलीची किल्ली मागवली. 'प्रकरण निवेपर्यंत.' त्या एका दिवसात काकूंकडून दोन गोष्टी जाणार होत्या, आणि त्या दोन गेल्या असत्या तर मागे फक्त कुणाची तरी म्हातारी आई उरली असती.

किल्ली त्यांनी दिली. आपला फोन दिला नाही.

"नितीन, तू सायकलवरून पडलास, हनुवटीला टाके पडले. मी सायकल विकली होती का?"

"आई, ते वेगळं."

"वेगळं कसं? तेव्हा तू लहान होतास, आता मी म्हातारी आहे, एवढंच ना?"

आदल्या रात्रीच त्यांनी बसून स्वतःचं खातं परत मिळवलं होतं. मी शेजारी होते आणि मला एकाही बटणाला हात लावू दिला नव्हता. "याला कंट्रोल झेड नाही," एवढंच त्या एकदा पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पण रस्ता असेल." नितीन बटणांचा फोन खिशात घालून गेला. जाताना जिन्यात मला म्हणाला, "तू तरी समजाव तिला." मी मान हलवली. हो की नाही, ते मी ठरवलं नव्हतं.

रविवारी काकूंनी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. विषय त्यांनी स्वतः टाइप करून सगळ्या विंगच्या लिफ्टमध्ये चिकटवला: 'मी कशी फसले'. हॉल भरला. मला वाटतं, बरेचसे मजा बघायला आले होते. भिंतीवर मोठ्या अक्षरात तो मेसेज दिसत होता, पाठवणाऱ्याच्या जागी फक्त 'एक ओळखीचे' असं लिहिलेलं. लॅपटॉपवर मी होते. काकू हात मागे धरून उभ्या होत्या आणि स्वतःच्या चुकीची एकेक पायरी, शुक्रवारचा बिघाड उकलावा तशी उकलत होत्या. "इथे मी वाचलं नाही. इथे मला वाटलं, नेहमीचंच आहे. इथे मी घाईत होते."

सेक्रेटरी काका मध्येच उठले. "काकू, तुमच्याबद्दल आदर आहे. पण जो स्वतः फसला त्याने बाकीच्यांना शिकवायचं, हे काय बरोबर दिसत नाही."

मी मराठीत बोलण्याआधी वाक्य मनात लावून घेते. त्या दिवशी लावलं नाही. "काका, लिफ्ट बंद पडली तेव्हा आत अडकलेल्यांनाच तुम्ही विचारलं होतंत ना, काय झालं म्हणून? बाहेर उभं असलेल्याला काय माहीत असणार?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. या वेळी काकूंना नाही.

मागच्या रांगेतून देसाई आजोबा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "ते ओळखीचे म्हणजे मी," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळी मला कोणीतरी असाच कोड मागितला, मी दिला. माझं खातं आधी गेलं. दुपारी कळलं मला. पण सगळे यांना हसत होते, म्हणून गप्प बसलो. मी लगेच बोललो असतो तर..."

"बसा, आजोबा," काकू म्हणाल्या. आणि मग हॉलकडे वळून, "कळलं? चोराला कोड लागतो, आणि आपली लाज लागते. कोड एकदा जातो. लाज आपण रोज देतो त्याला. मी नाही देणार."

त्यानंतर चार-पाच जणांनी आपापले किस्से सांगितले, त्यात एक बी विंगमधला तो इंजिनियर. किल्ली सोमवारी वॉचमनच्या हातून परत आली. सोबत निरोप काही नव्हता. वर्ग पुन्हा भरला, आणि सेक्रेटरी काकांच्या घरूनही एक विद्यार्थिनी वाढली.

आता त्या खोलीत बुधवारी आणि शुक्रवारी मी जाते. बाकीचे दिवस मी साकीनाक्याच्या एका कंपनीत असते. लोकांची मशीन अडली की ते आम्हाला फोन करतात. आमच्या जागेवरूनच त्यांच्या पडद्याचा ताबा घेऊन झटकन दुरुस्त करता येतं. मी शक्यतो ताबा घेत नाही. त्यांना विचारते, कुठे आहात, काय दिसतंय, आता दाबा. माझे कॉल लांबतात. बॉसने दोनदा सांगून पाहिलं. मी ऐकून घेते आणि पुढचा कॉल तसाच करते. ज्याला मी एकदा शिकवलं त्याचा त्याच कारणासाठी पुन्हा फोन येत नाही, हे बॉसला अजून दिसलेलं नाही. दिसेल.

काकू गेल्या वर्षी नितीनकडे राहायला गेल्या. हात थरथरायला लागले, कप हातात राहिना. डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव त्यांनी स्वतः शोधून, त्यावरचं सगळं वाचून काढलं. "याला मात्र खरंच कंट्रोल झेड नाही," फोनवर म्हणाल्या आणि लगेच मुलुंडच्या वर्गात शुक्रवारी काय बिघडवलं ते विचारलं.

मागच्या आठवड्यात मी घाटकोपरला गेले होते. नितीनने चहा आणून ठेवला आणि तो आत गेला. काकू खुर्चीत बसल्या होत्या, फोन समोर स्टँडवर लावलेला. बोटं काचेवर ठरत नाहीत म्हणून त्या बोलून लिहायला शिकत होत्या. "थांब, दाखवते," म्हणाल्या. मग फोनला सांगायला लागल्या. फोनने भलतंच लिहिलं. पुसायला बोट पुढे नेलं, ते थरथरत शेजारच्या बटणावर पडलं आणि सगळंच गेलं. पुन्हा सुरू. पुन्हा भलतंच. पुन्हा बोट हुकलं. माझ्या हाताच्या अंतरावर तो फोन होता. एका क्षणात करून दिलं असतं.

मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि उजव्या हाताने डावं मनगट धरलं. घट्ट. चवड्यांवर उंचसुद्धा झाले असेन. काकूंनी एकदा नजर वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत फोनकडे वळल्या.

किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी त्यांचं बोट बरोबर जागी टेकलं. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. काढून पाहिला. समोर बसलेल्या काकूंचा मेसेज होता.

'चहा थंड झाला. पी.'