चौथ्या वर्षाची आखाजी

बीएस्सीचं तिसरं वर्ष चांगल्या मार्कांनी पास होऊनही मी पुन्हा कॉलेजला निघाले, तेव्हा एरंडोलच्या स्टँडवर आमच्या गावातल्या एका आजोबांनी मला थांबवलं. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, जीव बारीक करू नको. औंदा नही तं पुढला सालले निंघी जाशी."

त्यांना वाटलं, मी नापास झाले. तीन वर्षांच्या डिग्रीला चौथं वर्ष लागलं, की गावाच्या हिशेबात त्याचा दुसरा अर्थच होत नाही. चौथं वर्ष केलं की डिग्रीला ऑनर्स लागतं, त्यात स्वतःचं संशोधन करावं लागतं, हे मी सुरुवातीला ज्याला त्याला समजावून सांगायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, "असू दे, असू दे, होतं असं." शेवटी कंटाळले. किराणा दुकानदाराने विचारलं, "विषय कोणता राहिला, ताई?" मी म्हटलं, "वांगी." त्यात खोटं काही नव्हतं.

जळगावला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या ऑनर्सला आम्ही अगदी मोजकी मुलं होतो. पहिली तीन वर्षं मागच्या बाकावर बसून झोप काढता यायची. आता झोपायचं तर सरांच्या नाकासमोर. त्यात या वर्षाचं गाईड बाजारात नव्हतं. मी पाठांतरावर वर आलेली मुलगी. गाईडमधला परिच्छेद स्वल्पविरामासकट ओकून दाखवणारी. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "तुझा प्रश्न कोणता?"

"सिलॅबसमध्ये कोणता दिलाय, सर?"

"दिलेला नाही. तो शोधायचा, हाच अभ्यास."

मला राग आला. तसा मला राग लवकर येतो, आई म्हणते नाकावर बसलेलाच असतो. मी मोबाइलवरून मोठमोठे विषय उतरवून नेले. सर वाचायचे आणि परत करायचे. चौथ्या की पाचव्या वेळी म्हणाले, "हे सगळं लांबचं आहे. तुमच्या शेतात बघण्यासारखं काहीच नाही का?"

शेतात वांगी होती. आमच्याकडे भरताची वांगी लावतात, ती हिरवी, मोठी. त्यात एक गोष्ट मी लहानपणापासून बघत आले होते: गोठ्याजवळच्या ओळींना वांगी जास्त धरतात आणि बांधाकडच्या ओळींची फुलं गळतात. मी ते सरांना सांगितलं आणि लगेच उत्तरही दिलं, "आबा म्हणतात, शेणखतामुळे." आबा म्हणजे माझे वडील.

"आबा म्हणतात ते ठीक. तुला काय वाटतं?"

मला काहीच वाटत नव्हतं. त्यापूर्वी कुणी विचारलंच नव्हतं, तर वाटणार कुठून? मग मी सकाळी फुलांपाशी उभी राहून बघायला लागले. वांग्याच्या फुलातला पराग पिवळ्या नळ्यांमध्ये कोंडलेला असतो, फूल जोरात थरथरलं तरच बाहेर पडतो. मधमाशी येते आणि बहुतेक वेळा तशीच जाते. पण काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि असा काही गुरगुरतो की पराग त्याच्या पोटावर सांडतो. आणि हा भुंगा राहतो कुठे? वाळक्या लाकडाला भोक पाडून. आमच्या गोठ्याची जुनी लाकडं त्याने पोखरून ठेवलेली होती. मग गोठ्याजवळ वांगी जास्त धरतात ती खतामुळे, की भुंग्यांमुळे?

हा माझा प्रश्न. कुठल्या पुस्तकात नव्हता, मला सापडला होता. बसमध्ये बसून मी एकटीच हसत होते, शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली. पहिला नंबर आला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

आणि मग माझं लग्न ठरलं.

स्थळ चांगलं होतं, यात वाद नाही. धुळ्याजवळचं गाव, घरची शेती, मुलगा धुळ्यात नोकरीला. बैठकीत आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरीचं एक वर्ष बाकी आहे. ते पुरं करू द्यावं." होणारे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात, लगेच म्हणाले, "करू द्या की. आम्हाला काय अडचण?" सुपारी फुटली. लग्न मार्गशीर्षात लागलं.

आता सासरची निंदा ऐकायला मिळेल म्हणून कुणी सरसावून बसलं असेल तर त्याची निराशा होईल. त्या घरात मला कुणीही, कधीही, नाही म्हटलं नाही. जळगावला जायचं ठरलं, की फक्त काहीतरी निघायचं. कधी नवी सून बघायला पाहुणे यायचे, कधी भावबंदांच्या घरी सवाष्ण म्हणून जेवायला जायचं असायचं, कधी देवीचं दर्शन राहिलेलं असायचं. नाना म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात जा, बेटा." नवरा कामावरून आला की विचारायचा, "गेली नाहीस?" आणि मी नाही म्हटलं की तोही वाईट तोंड करून जेवायला बसायचा. नकाराशी भांडता येतं. पुढच्या आठवड्याशी कसं भांडायचं?

मी एकदाच जळगावला जाऊन आले. सर म्हणाले, "तिथे वांगी आहेत ना? मग तिथेच बघ. बरंच झालं, दुसरं शेत मिळालं."

सासरच्या परसात वांग्याचा तुकडा होता, पण जवळपास जुनं लाकूड नव्हतं. गोठा लोखंडी अँगलचा, वर पत्रे. म्हणजे माझ्या प्रश्नाला हवा तसाच. सकाळचा चहा झाला की मी डोक्यावर पदर घेऊन वांग्यांत जाऊन उभी राहायचे. नुसती उभी. फुलाकडे बघत. नवीन सून हिरव्या चुड्यासकट वांग्यांत खांबासारखी उभी आहे, हे आमच्या गल्लीला न पटणारं होतं. शेजारच्या अक्का एकदा कुंपणावरून सासूबाईंना म्हणाल्या, "तुमनी सून रोज वांगास्मा काय करी ऱ्हायनी? काही हरपनं का तिनं?"

सासूबाई धुणं वाळत घालत होत्या. "अभ्यास करी ऱ्हायनी ती," एवढंच म्हणाल्या.

सासूबाई मुळात कमी बोलायच्या. घरात काय शिजायचं, ते त्या ठरवायच्या. कुणी कुठे जायचं, ते नाना ठरवायचे, आणि नाना ते भावबंदांना विचारून ठरवायचे. मला वाटायचं, या बाईला स्वतःचं मत म्हणून नाहीच.

फाल्गुनात कॉलेजात संशोधनाचं मधलं सादरीकरण होतं. त्या दिवशी घरात कुरडया निघाल्या. भावबंदांच्या सगळ्या बाया अंगणात आणि नवी सून जळगावला, हे कसं दिसेल? मी चुलीवर कुरडयांचा चीक हाटत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि धुरामुळे येतंय असं सगळे समजत होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या घरातल्या प्रत्येक माणसाचा राग आला, नवऱ्याचा सगळ्यात जास्त.

मग एका सकाळी सरांचा फोन आला. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात गहू निवडत होतो. हात गव्हात होते म्हणून मी फोन स्पीकरवर लावला. सर म्हणाले, "मधल्या सादरीकरणाचं मी निभावून नेलं, पण बाहेरचे परीक्षक आखाजीच्या दुसऱ्या दिवशी येणार आहेत. त्या दिवशी आली नाहीस तर मला काही करता येणार नाही. तीन वर्षांची डिग्री तुझी आहेच, तेवढ्यावर थांबावं लागेल." मी "हो सर" म्हणून फोन ठेवला. सासूबाईंनी मान वर केली नाही. सुपातले खडे वेचत राहिल्या. मला वाटलं, त्यांना यातलं काही कळलं नसेल, किंवा कळून घ्यायचं नसेल.

तीन वर्षांची डिग्री होतीच. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, घर मोडणार नव्हतं. फक्त माझा प्रश्न अर्धवट राहणार होता, आणि तो प्रश्न सोडला तर माझं असं माझ्याजवळ काही नव्हतं. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर म्हणाले असते, वांग्यासाठी रडते.

आमच्या खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणींचा सण. लेकीला घ्यायला माहेरचा माणूस जातो, आणि लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तर लेक पाठवत नाही असं म्हणायची कुठल्याच सासरची टाप नसते. आबा दोन दिवस आधी घ्यायला आले. चहापाणी झालं. नाना म्हणाले, "आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आणून सोडा. सोयरे येणार आहेत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलेलं होतं. एवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "पहिली आखाजी शे तिनी. आठ दिन ऱ्हाऊ द्या. सोयरास्नं मी देखी लिसू."

नाना "बरं" म्हणाले. सणाच्या गोष्टीत बायकांच्या शब्दापुढे बोलत नाहीत. मला मात्र वाटलं, हिला मी घरात नकोशी झालेय. बसमध्ये पारोळा येईपर्यंत मी आबांशी तेच बोलत होते.

माहेरी अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता. आईने सांजोऱ्या केल्या होत्या. आखाजीच्या दिवशी मैत्रिणी जमल्या, गौराईची गाणी झाली, मी झोक्यावर उभी राहून उंच गेले आणि थोडा वेळ सगळं विसरले. संध्याकाळी आईने विषय काढला. "उद्या जळगावला जायचं तर सासूला फोन करून विचार. माहेरी म्हणून पाठवली आणि कॉलेजात गेली, असं नको व्हायला."

"विचारायचं काय त्यात? बैठकीत शब्द दिला होता त्यांनी."

"शब्द दिला होता, खरं आहे. पण नांदायचं तुला तिथेच आहे ना?"

तिचंही चुकत नव्हतं. मी फोन हातात घेऊन ओट्यावर बसले. विचारलं आणि "पुढच्या आठवड्यात" असं उत्तर आलं, तर? शेवटी आबा बाहेर आले. म्हणाले, "शब्द मला दिला होता. जाब विचारला तर मला विचारतील. सकाळी तयार राहा, मी मोटरसायकलवर सोडतो." एवढं बोलून आबा उगाचच मोटरसायकल पुसायला गेले. मुलीच्या बापाला असं बोलणं सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षक पोक्त गृहस्थ होते. माझे मेंदी लावलेले हात आणि किणकिणणाऱ्या बांगड्या पाहून त्यांनी आधी पाणी प्यायला सांगितलं. मी सगळं मांडलं: माहेरचा गोठा, त्याची पोखरलेली लाकडं, भुंगे, टिकलेली फुलं. सासरचा लोखंडी गोठा, क्वचित दिसणारा भुंगा, गळलेली फुलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्हीकडची जमीन वेगळी, पाणी वेगळं, खत वेगळं. मग तुम्ही सिद्ध काय केलंत?"

एक वर्षापूर्वीची मी असते, तर काहीतरी ठोकून दिलं असतं. पण त्या फुलांपुढे इतके दिवस रोज सकाळी उभी राहिल्यावर खोटं बोलवेना. मी म्हटलं, "पूर्ण सिद्ध नाही झालं, सर. भुंगा जास्त येतो तिथे फुलं टिकतात, एवढं मी पाहिलं. खताचा वाटा किती, ते मला माहीत नाही. त्यासाठी एकाच शेतात परत लावून बघावं लागेल."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग सरांकडे वळून म्हणाले, "ठीक आहे. हिला कळलंय." आबा बाहेर पिंपळाखाली थांबले होते. मी जाऊन त्यांच्या शेजारी मटकन बसले, तर त्यांना वाटलं सगळं गेलं. झालं ते सांगितलं, मग दोघांनी उसाचा रस प्यायला.

आठ दिवसांनी सासरी निघाले ती भांडायच्या तयारीने. कोण काय बोलेल आणि मी काय उत्तर देईन, हे बसमध्ये पाठ करत होते. पाठांतराची सवय तिथे कामाला आली. घरी पोचले तेव्हा नाना शेतात होते. सासूबाई चुलीपाशी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "मी जळगावला जाऊन परीक्षा दिली. तुम्हाला विचारलं नाही."

त्यांनी भाकरी उलटली. "ते बरं करं तू," म्हणाल्या. "तू माले इचारती, तं माले नानास्ले इचारनं पडतं. नाना भावबंदस्ले इचारतात. मंग कोन्ही ना कोन्ही नही म्हनतंच. म्हनीसन त्या दिन फोनवरनं मी आयकंच नही."

पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. मी खाली बसले आणि त्यांच्या पिठाच्या हातांना धरून रडले. त्या म्हणाल्या, "बांगड्या सांभाळ, चूल शे."

निकाल लागला तेव्हा नानांनी ओट्यावर बसून गावाला पेढे वाटले. कुणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचे, "बैठकीत शब्द दिलता, तो पाळला. सुनेला आम्ही शिकवली." ते मनापासून खूश होते, आणि त्यांचं ते हसू बघून मला त्यांचाही राग येईना. तरी हे खरं कुणामुळे झालं ते सांगायला एक-दोनदा तोंड उघडणार होते मी. सासूबाई पेढ्यांचा डबा धरून त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको. मग मी पाण्याचे पेले भरायला आत गेले.