सुईत दोरा नव्हता

माझे काका शिंपी. त्यांच्यावर कुणीतरी माहितीपट काढला आणि आम्ही घरचे सगळे तो बघायला गेलो. पडद्यावर काका मशीनवर मान खाली घालून शिवत होते, मागे रडकं संगीत चालू होतं आणि शेजारच्या खुर्चीतली बाई चक्क डोळे पुसत होती.

"अगं, सुईत दोराच नाही!" काका काकूच्या कानात ओरडले.

चित्रीकरणवाल्यांनी एकच शिवण वीसदा मारायला लावली होती. दोरा फुकट जाईल म्हणून काकांनीच तो काढून ठेवला होता.

घरी येऊन ते डोकं धरून बसले. "परवा बघितला तो सिनेमा सगळा खोटा, तरी त्यातल्या शिंप्याच्या सुईत दोरा होता. हा म्हणे खरा! आणि मी एवढा दुःखी कसा दिसतो गं?"

"रिकामी मशीन चालवताना कुणाचंही तोंड तसंच होईल," काकू म्हणाली.

काकांना ते पटलं. सकाळी दुकानात त्यांनी दोरा ओवला, मान खाली घातली आणि शिवायला लागले. "आता बघ."

काकू बराच वेळ बघत राहिली.

"तस्सेच दिसता हो."