दुसऱ्या माणसाला विचारा

सातवीच्या वर्गात फळ्यावर मी दोनच शब्द लिहिले होते, "दोघांना विचारा". खाली रेघ ओढताना खडू मोडला, इतक्या तावातावानं ओढली. तंजावूरच्या या शाळेत मी समाजशास्त्र शिकवते, आणि त्या वर्षी माझ्या मनानं घेतलं होतं की या मुलांना शोध घ्यायला शिकवायचंच. फार मोठं काही नाही हो. एक प्रश्न धरायचा, उत्तर कुणाकडून मिळालं ते लिहायचं, आणि एकाच्या शब्दावर न थांबता दुसऱ्यालाही विचारायचं. एवढंच. पण एवढ्यासाठी माझ्या नाकी नऊ आले.

आमच्याकडे 'प्रोजेक्ट' म्हटलं की मुलं सरळ बसस्टँडजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जातात. "अण्णा, सेवंथ स्टँडर्ड, तळं" असं सांगितलं की तो माणूस बटण दाबतो आणि रंगीत पानं बाहेर येतात. आई त्यांना कडा चिकटवते, बाप वर चकाकणारं नाव लिहितो, मूल तोवर क्रिकेट खेळतं. हे मला मोडायचं होतं. म्हणून मी छापील पानांवर बंदी घातली आणि सांगितलं, आपल्या रस्त्यातलाच एखादा प्रश्न घ्या, ज्याचं उत्तर कुठेही छापलेलं नाही.

पहिल्या खेपेला आलेले कागद बघून माझं डोकंच फिरलं. एकानं आपल्या गल्लीतल्या तळ्याबद्दल लिहून आणलं होतं, आणि त्यात चक्क नौकाविहाराच्या वेळा! फोनमध्ये विचारलं, फोननं दुसऱ्याच कुठल्या राज्यातलं तळं दाखवलं, यानं उतरवून घेतलं. "अरे, तुझ्या गल्लीतल्या तळ्यात म्हशी तरी नीट बसतात का? तिथे नाव कुठून आली?" मी विचारलं. तो म्हणाला, "पण मिस, त्यात तसंच होतं." त्यात! जणू फोन म्हणजे प्रत्यक्ष बृहदीश्वर, त्याला प्रश्न करायचा नाही.

बरं, फोन बंद केला. आता माणसांना विचारा म्हटलं. मी वहीत दोन रकाने आखून दिले, पहिल्याचं उत्तर एकात, दुसऱ्याचं दुसऱ्यात. आठवड्यानं बघते तो सगळ्यांच्या दुसऱ्या रकान्यात एकच शब्द, 'सेम'. पापनाशमहून बसनं येणारी पोरं घ्या की शाळेमागच्या गल्लीतली, सगळ्यांचं 'सेम'. मी म्हटलं, असं कसं होईल? दोन माणसं कॉफीत साखर किती यावर एकमत होत नाहीत, आणि रस्त्याच्या इतिहासावर शब्दाला शब्द जुळतो?

मग हळूहळू उलगडा झाला. एक मुलगा दुसऱ्या माणसाकडे गेला, पण जाताना पहिल्या माणसाला, म्हणजे आपल्या आजोबांनाच, बरोबर घेऊन गेला. एकट्यानं जाणं बरं दिसत नाही म्हणे! तिथे दोघा म्हाताऱ्यांनी गप्पा मारल्या, कॉफी घेतली, यजमानांनी पाहुण्यांच्या प्रत्येक वाक्याला "बरोबर, बरोबर" म्हटलं आणि शोध संपला. एका मुलीनं शेजारच्या मामींना विचारलं ते असं : "आमचे आजोबा असं म्हणतात, ते खरं आहे ना?" आता कुठल्या मामी म्हणतील की तुझे आजोबा खोटं बोलतात? आणि वर्गातल्या सगळ्यांत हुशार पोरानं तर मला सरळच विचारलं, "मिस, आजोबांनी सांगितल्यावर मी बाहेर जाऊन परत विचारलं, तर त्यांना काय वाटेल?"

मी कपाळाला हात लावला. याचं उत्तर पुस्तकात नसतं. मोठ्यांनी सांगितल्यावर पडताळून बघणं हा आमच्याकडे शोध नाही, उद्धटपणा आहे. मी स्वतः अशाच घरात वाढले आहे. तरीही मी चिडले. स्टाफरूममध्ये डबा आपटला आणि म्हटलं, एक, एक तरी मूल मला असं मिळू दे, जे दोन वेगळी उत्तरं घेऊन येईल. तमिळ शिकवणारी माझी मैत्रीण म्हणाली, "मिळालं तर तुझीच डोकेदुखी वाढेल." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आणि मूल मिळालं. खिडकीशी बसणारी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी मुलगी. आमच्याच लोकांतली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरातली, घरी मराठी बोलणारी. पण मी मराठीत काही विचारलं तर नेहमी तमिळमध्ये उत्तर द्यायची. सगळं समजायचं, बोलायला मात्र लाजायची. तिचा प्रश्न मी वाचला आणि खुर्चीत सरसावून बसले. 'आमच्या घरात दर वर्षी पावसाचं पाणी का शिरतं?' दिवाळीच्या सुमाराला, ऐप्पसी महिन्यात आमच्याकडे जो मुसळधार पडतो, त्यात तिच्या घराच्या हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी यायचं. बाकीच्या गल्लीत नाही, त्या चारदोन घरांतच. हा खरा प्रश्न होता. कुणाच्या फोनमध्ये नसलेला.

पहिल्या रकान्यात तिचे आजोबा होते. ते म्हणाले होते, पूर्वी तिथे एक कुळम होतं, म्हणजे छोटं तळं; ते आपोआप आटलं, मग लोकांनी घरं बांधली; पाणी शिरतं ते नगरपालिकेच्या गटारांमुळे. दुसऱ्या रकान्यात होते समोरच्या घरातले मामा, आजोबांचे जुने मित्र. दोघं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून कॉफी घेत. तिनं त्यांना एकटीनं गाठलं आणि नुसतं विचारलं, "मामा, इथे पूर्वी काय होतं?" मामा खुशीत आले. म्हणाले, "तळं होतं की! भरलेलं! डास म्हणजे डास. तुझ्या आजोबांनीच लॉरीवाल्याला गाठून माती आणवली. स्वतः छत्री धरून उभे राहिले, तळं बुजवून घेतलं आणि वर घर बांधलं. ते होते म्हणून ही गल्ली झाली." तक्रार म्हणून नाही, कौतुक म्हणून सांगितलं त्यांनी.

पोरीनं दोन्ही उत्तरं लिहिली, जशीच्या तशी. खाली स्वतःचं एक वाक्य : 'पाणी तळ्यात येत असेल, आमचं घर मध्ये आहे.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवत सुटले. माझा आनंद गगनात मावेना. महिनाअखेरीला पालकांसाठी शाळेचं प्रदर्शन होतं. मी तिला म्हटलं, "याचा चार्ट कर. मधोमध लावू आणि तू शेजारी उभी राहून सांगायचं." ती पहिल्यांदाच हसली. पण मी आणखी एक नियम केला होता, की ज्याचं उत्तर आहे त्याला ते वाचून दाखवायचं, म्हणजे आपण चुकीचं उतरवलं नाही याची खात्री होते. चांगला नियम आहे, आजही मला तसंच वाटतं. तिनं तो पाळला. आजोबांना त्यांचं उत्तर वाचून दाखवलं. आजोबांनी चष्मा लावून शेजारचा रकानाही वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपायच्या आत ते मुख्याध्यापिकांच्या खोलीत हजर. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, इस्त्रीचा शर्ट, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाची ताठ पाठ. मला बोलावणं आलं. मुख्याध्यापिकांसमोर आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये बोलून झालं, आणि मग माझ्याकडे वळून ते एकदम आमच्या घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीवर आले.

"आम्हांस काय ठावूक नाही असं वाटतं तुम्हांस? आपल्या लोकांतली तुम्ही. लेकरांस हे शिकवता? आजोबाची उलटतपासणी?"

"आजोबा, तिनं कुणाची तपासणी केली नाही," मी म्हटलं. "दोघांना विचारलं आणि दोघांचं लिहिलं."

"त्यास काय ठावं? तो कॉफी पिऊन काहीही बडबडतो."

"मग तळं आपोआप आटलं?"

हे मी बोलायला नको होतं असं मुख्याध्यापिकांचा चेहरा सांगत होता, पण माझी जीभ कधी थांबलीय?  ते हळू आवाजात म्हणाले, "दर पावसात सून म्हणते, असल्या ठिकाणी घर कुणी बांधलं. मुलगा म्हणतो, विकून टाकू. आयुष्यभर नोकरी करून मी एकच गोष्ट उभी केली, ते घर. ते चुकलं म्हणून तुम्ही चार लोकांत भिंतीवर लावणार? आणि माझ्याच नातीच्या हातून?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटण्यापेक्षा राग मोठा होता. महिनाभर 'सेम, सेम' वाचून माझे डोळे गेले होते, आणि एका पोरीनं मान वर करून दुसरीकडे बघितलं तर लगेच तिची मान दाबायला सगळे तयार! मुख्याध्यापिका म्हणाल्या, तो दुसरा रकाना तेवढा काढू या का, उगाच वाद कशाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "काढायचं असेल तर चार्टच काढून टाका, आणि खाली माझं नाव घालून लिहा, की या बाईंना शिकवता येत नाही. खोटं उतरवून घ्यायला मी उभी राहणार नाही." बरंच बोलले. तुम्ही वर्गात 'सत्यमेव जयते' लिहिता ते कशाला, असंही विचारलं. अखेर मुख्याध्यापिका दमल्या. चार्टवर दोन्ही उत्तरं राहतील, असं त्यांनी सांगून टाकलं. आजोबा उठले, कॉफी आणलेली होती ती घेतली नाही, माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी जिंकले होते! स्टाफरूममध्ये येऊन पंख्याखाली बसले आणि तमिळच्या मैत्रिणीला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "बघितलं. ती पोरगी संध्याकाळी कुठल्या घरी जाणार आहे?" मला तिचा असा राग आला की मी दुपारभर तिच्याशी बोलले नाही.

पुढचे दिवस मुलगी गप्प होती, पण ती नेहमीच गप्प असायची. मी रोज विचारायचे, "चार्ट झाला?" ती मान हलवायची. एकदा तिच्या मैत्रिणीकडून कळलं, की समोरच्या मामांकडची संध्याकाळची कॉफी बंद झालीय. ओट्यावर आता दोघंही येत नाहीत. मी म्हटलं, होईल हळूहळू ठीक. म्हातारी माणसं रुसतात, मग निवळतात. मला माझ्या प्रदर्शनाची घाई होती.

प्रदर्शनाच्या सकाळी मी हॉलमध्ये टेबलं लावत होते. बाकीचे चार्ट दोऱ्यांवर चढलेच होते. 'सेम'वाल्यांनीही शेवटी काहीबाही रंगवून आणलं होतं. मधली जागा मी तिच्यासाठी राखून ठेवली होती. ती सुरळी घेऊन आली. मी उलगडली. तळ्याचं चित्र सुंदर काढलं होतं, कडेला नारळ, मध्ये निळं पाणी. पहिला रकाना तसाच. आणि दुसऱ्या रकान्यावर चिकटवलेला पांढरा कागद. कोरा. तिचं ते वाक्यही त्याच कागदाखाली गेलं होतं.

"हे काय?" मी जवळजवळ ओरडलेच. "कुणी चिकटवायला लावलं? आजोबांनी? आईनं? सांग मला. मी एवढं भांडले ते कशासाठी? हेडमिस्ट्रेसनी परवानगी दिलीय. आता तुला कुणी काही करू शकत नाही!"

"कुणी नाही, मिस. मीच."

"पण का?"

 मला वाटलं, आता ती तमिळमध्ये काहीतरी सबब सांगेल. पण ती मराठीत बोलली, घरातल्या मराठीत, शब्द शोधत शोधत.

"आजोबा मजशी बोलत नाहीत, मिस. मी जेवायला बसले की ताट उचलून हॉलमध्ये जातात. एकटेच बसतात." मग म्हणाली, "तुम्ही भांडून तुमच्या घरी जाता. मज त्यांच्यासंगेच जेवायचं असतं."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सत्य, पुरावा, दोन साक्षी, सगळं महिनाभर घोकून घेतलेलं. तोंडापर्यंत आलंही. पण तिच्या समोर ते उच्चारायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला. कुणावर काढावा तेच कळेना. आजोबांवर? त्या भोळ्या मामांवर? की त्या तळ्यावर?

"मज कळलं ना पाणी का येतं ते," ती म्हणाली. "पुरे ना, मिस? सगळ्यांस कशाला?"

बाहेर पालक यायला लागले होते. दारातून कुणाच्या तरी चपला वाजल्या, आणि तिनं एकदम मागे वळून पाहिलं. तिचे आजोबा होते. दाराशीच थांबले होते, आत यावं की नाही ते ठरवत. ती घाबरून चार्टकडे वळली. चिकटवलेल्या कागदाचा वरचा कोपरा सुटून वर आला होता आणि त्याखालून मामांच्या उत्तराचे पहिले शब्द दिसत होते.

"कोपरा सुटलाय," मी म्हटलं, आणि तो मीच अंगठ्यानं दाबून बसवला.