खरी जांभई

मला चोळायला आलेल्या त्या सुनेचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, वऱ्हाड मुंबईहून बोटीने मालवणला निघालं होतं, आणि तांदळाचा डबा उचलताना माझी कंबर धरली. सगळ्या कामांची आखणी तयार होती, ती करणारी मी मात्र चटईवर आडवी.

शेजारणीने अंग चोळणाऱ्या म्हातारीला बोलावलं. म्हातारीची बोटं वाकडी झाली होती, म्हणून हात चालवायला तिची सून आली. म्हातारी पडवीत पाठ करून बसली. माझी कंबर सुटली तरच सुनेला एकटीने घरोघर चोळायला जाता येणार होतं.

सुनेने तळव्यांवर तेल घेतलं. ती जोर करत नव्हती. अंगठा टेकून हळूहळू भार सोडायची आणि माझा श्वास सुटेपर्यंत तशीच थांबायची.

"जांभय इली?" पडवीतून प्रश्न आला. जांभईशिवाय अंग सुटलं असं म्हातारी मानत नसे.

"नाय अजून."

मला सुनेची दया आली. मी मोठ्याने जांभई दिली.

"ही नको, वयनी," ती कानाशी पुटपुटली. "खोटी चलाची नाय. सासू वळाखतली."

अंगठा पुन्हा टेकला. कमरेत काहीतरी सैल झालं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत जांभई आली.

म्हातारी न वळताच म्हणाली, "उद्यापासून तूच जा गो."

मी उठून चहाचं आधण ठेवलं. मागे बघते तर सून भिंतीला टेकून बसलेली, आणि तोंडावर हात धरून लांबलचक जांभई देत होती.