गेल्झेनने घेतलेली छांग

"मग प्यालास कशाला?"

"नुर्बू दारात आला, छांग ओतली, प्यालो. तोंड फिरवू?"

"नुर्बू शिखरमोहिमेचा सरदार आहे, गेल्झेन, वर न्यायला माणसं तोच जमवतो. सरदार स्वतःची छांग घेऊन दुसऱ्याच्या घरी कशाला येतो, हे शेंबडं पोरही सांगेल."

गेल्झेन चुलीतल्या शेणींकडे बघत राहिला. यांगजीला कळलं, त्याच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. मागणं घेऊन आलेल्याची छांग, ती घरची जवाची दारू, घेतली की शब्द दिला असंच गावात धरत. तिचं लग्नही असंच ठरलं होतं, तिच्या बापाने याच्या काकाची छांग घेतली तेव्हा.

लग्नानंतरचे सगळे वसंत तिने एकटीने काढले. तो शिखरावर दोर बांधायचा. ती खाली बटाटे लावायची, याक राखायची. सासूच्या चितेपाशीही ती एकटीच उभी होती. तो परतायचा तेव्हा ओठ फुटलेले, अंगावरचं मांस झडलेलं, एकदा तर खोकून खोकून बरगडी मोडलेली. महिनाभर जेवला की भरून यायचा.

गेल्या वर्षी मात्र वरच्या तळावर त्याच्या मेंदूला सूज आली. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला, सोबत्यांना ओळखेना. दोराने बांधून उतरवला. डॉक्टरीण म्हणाली, पुन्हा वर गेलास तर उतरवायला वेळ मिळेलच असं नाही. तेव्हापासून तो घरीच होता. चहात दोनदा मीठ घालायचा, बोलता बोलता थांबायचा. घरात माणूस होता आणि यांगजी तरी एकटीच.

"त्या डॉक्टरणीचं बोलणं तरी आठवतंय का?"

"ते आठवतं."

"तरी जाणार?"

"इथे सगळे माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसं सावकाश बोलतात. तूसुद्धा." तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "वर हवाच नसते. तिथे कुणालाच धड सुचत नाही, मोठमोठ्या साहेबांनाही स्वतःचे बूट बांधता येत नाहीत. तिथे मी चारचौघांसारखा असतो."

यांगजीने फडताळातून छांगने भरलेली बाटली काढली, शुभ म्हणून काठाला लोण्याचं बोट लावलं.

"शब्द परत मागता येतो. आपली छांग नुर्बूला पाजायची, हात जोडायचे. बोलेन मी. पण शब्द तुझा आहे, तू समोर हवास." तिचा आवाज खाली आला. "येशील?"

गेल्झेनने टोपी घातली, दाराची कडी काढली आणि बाटली काखेत धरून तिच्यासाठी बाहेर थांबला.