काकासाहेबांनी हँडब्रेक आवळला

घनसावंगीच्या बाजारपेठेत काकासाहेबांचं खतं-औषधांचं दुकान होतं. कापसावर मावा पडो की उसाची पानं पिवळी पडोत, शेतकऱ्याला बाटली एकच मिळायची आणि वर भाषण फुकट. आपल्याला न जमणारं काम देवानं अजून घडवलंच नाही, अशी या माणसाची खात्री होती. त्या खात्रीची फळं त्यांची बायको साधना रोज भोगत होती. कुकर त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून शिट्टी होत नव्हती. नळ दुरुस्त केला, तो आता बंद होत नव्हता. साधना गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. त्या शिलाई मशीनला यांनी एकदा हौसेनं तेलपाणी केलं आणि तिचं शिवणकामच संपलं. विचारलं तर म्हणत, "कंपनीचाच माल हलका."

यंदा त्यांनी जुनी गाडी घेतली. हँडब्रेक ओढून ठेवला तरी दारातल्या उतारावरून ती हळूच गटारीकडं निघायची.

"बिरूच्या गॅरेजात दाखवा की," साधना म्हणाली.

"बिरू मला शिकवणार? एक नट तर आवळायचाय. मोबाईलवर समदं दाखवतेत."

शीतलच्या, म्हणजे साधनाच्या भावाच्या पोरीच्या साखरपुड्याला त्या दिवशी शहागडला जायचं होतं. सकाळीच काकासाहेबांनी दोन सीटांमधलं झाकण उचकटलं. त्यात त्याची एक खुंटी मोडली. मोबाईलमधला माणूस जीव तोडून सांगत होता, मागची चाकं जॅकवर उचला, लिव्हर खाली केल्यावर चाक मोकळं फिरतंय का ते बघा.

"हे नवशिक्यांसाठी असतं," म्हणत काकासाहेबांनी व्हिडिओ पुढं ढकलला आणि पान्यानं नट आवळत गेले. शेवटी लिव्हर जागचं हलेना.

"बघ! बोटभर बी उचलत न्हाई. याला म्हणतेत ब्रेक."

साधना पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसली. मूर्खाशी बोलून तोंड कशाला दुखवायचं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

तीर्थपुरी मागं पडली तशी गाडी कण्हायला लागली. ॲक्सिलेटर दाबला तरी पळेना. मग करपल्याचा वास आला.

"अहो, चाक जळून राह्यलंय."

"कुणीतरी शेतात पाचट पेटवलं असंल."

आरशात धूर दिसला तेव्हा पाचट आपल्याच गाडीखाली आहे हे त्यांना मान्य करावं लागलं. गाडी थांबवून त्यांनी साधनाची पाण्याची बाटली तापलेल्या चाकावर ओतली. चर्रर्र आवाज झाला. तेवढ्यात मागून सवाऱ्या भरलेली काळीपिवळी जीप आली. साधनानं हात केला आणि पिशवी घेऊन आत चढली.

"अगं, कुठं निघालीस?"

"साखरपुड्याला. तुमचं पाचट इझलं की या."

काकासाहेब शहागडला पोचले तेव्हा पंगत बसायची होती. वाटेत त्यांनी नट ढिला केला होता, पण असा की आता हँडब्रेक नावालाच उरला होता. साधनाच्या भावाचं, रामप्रसादचं घर नदीकडच्या उतारावर. पायानं ब्रेक दाबून काकासाहेब गाडीतच बसून राहिले.

"दाजी, उतरा ना. ताटं वाढलीत."

"बसतो जरा."

"गाडी गिअरमधी टाका अन् चला की."

"गिअरबॉक्सचं वाटोळं होतं. तुम्हाला काय कळतं त्यातलं!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. जावई रुसले! रामप्रसाद बिचारा घाबरला. आत जाऊन टॉवेल-टोपी घेऊन आला, खिडकीशी हात जोडून उभा राहिला.

"काय चुकलं का दाजी आमचं?"

आता तरी खरं सांगावं की नाही? पण ब्रेक बिघडवणाऱ्या मेकॅनिकपेक्षा रुसलेल्या जावयाचा मान मोठा. काकासाहेबांनी मान ताठ केली.

"आल्यावर इचारपूस बी न्हाई. माणसाची कदर पाहिजे."

पोरीचा बाप खिडकीतून त्यांच्या पायाला हात लावायला वाकला, तेव्हा साधनाच्या डोक्यात सणक गेली. स्वतःच्या अडाणीपणावर पांघरूण घालायला हा माणूस तिच्या भावाला वाकवत होता. तिनं कुंपणाजवळचा धोंडा उचलला, जरीच्या साडीला माती लागली तरी पर्वा केली नाही, आणि पुढच्या चाकाखाली रेटून बसवला.

"दादा, सरक बाजूला. हे रुसले न्हाईत, अडकलेत," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली. "काढा पाय ब्रेकवरनं."

काकासाहेबांनी पाय काढला. गाडी वीतभर सरकली आणि धोंड्याला टेकून थांबली. मग मांडवात जो हशा उठला, त्यात नवरदेवाची आजीसुद्धा पदर तोंडाला लावून सामील झाली.

काकासाहेब उतरले, निमूट पंगतीत बसले. दोन घास पोटात जाताच शेजारच्याला सांगू लागले, "केबलच डुप्लिकेट निघाली हो. न्हाईतर माझं काम बराबर होतं."

साधना बुंदी वाढत येत होती. त्यांच्या ताटापाशी ती थांबली नाही.

"वंदना," तिनं भावजयीला हाक मारली, "मी आज ऱ्हाते बरं का इथंच. उद्या काळीपिवळीनं जाईन."